चौथं पाणी

मंगळवार, ३

आज पहिल्यांदा मी गाडी नेली आणि परत आणली. गाडी शाबूत, माणसं शाबूत. माझी कंबर तेवढी तिसऱ्या पाण्याच्या आसपास कुठेतरी गळून पडली असावी.

नऊ वर्षं शाळेची व्हॅन चालवली, त्यामुळे गाडी म्हणजे गाडी, त्यात काय एवढं, असा माझा तोरा होता. तो पहिल्या चढालाच उतरला. ही रानातली वाट अवघी चौदा किलोमीटरची, पण तेवढ्यात नदी चार वेळा आडवी येते आणि पूल एकही नाही. वस्तीतली माणसं पहिलं पाणी, दुसरं पाणी असं मोजतात. चौथं पाणी ओलांडलं की पाच मिनिटांत डांबरी रस्ता लागतो, तिथून पाऊण तासावर हॉस्पिटल. दुसरा रस्ता आहे, पण तो डोंगराला वळसा घालून जातो. त्याला पाच तास लागतात.

मंगळवारी आणि शुक्रवारी हॉस्पिटलची गाडी वस्तीतल्या आजारी माणसांना नेते आणि आणते. सव्वीस वर्षं ती दादाने चालवली. गेल्या महिन्यात त्याने किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाला, "ठमे, आता तू चालव. माझे डोळे साथ देत नाहीत." शाळेने मोठी बस घेतल्यापासून मी त्याच्याकडेच येऊन राहिले आहे. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

नियम असा की एक माणूस गाडीत आणि एक पाण्यात. इतकी वर्षं दोन्ही दादा एकटाच करायचा, आता तो नुसता पाण्यातला माणूस. प्रत्येक पाण्याशी तो उतरतो, चपला काढतो, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडतो आणि अनवाणी पलीकडे जातो. जाताना डाव्या चाकाच्या रेषेने, येताना उजव्या. तळाला खडी किंवा गोटे लागले तर गाडी जाते. गाळ लागला तर बाजूची जागा शोधायची. "बूट घातले की नदी खोटं बोलते," असं तो म्हणतो. सगळं ठीक असलं की काठावर उभा राहून हात वर करतो. मग मी लो गिअर टाकून पाण्यात शिरायचं, मध्ये गिअर बदलायचा नाही, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा नाही आणि श्वास सोडायचा नाही. शेवटचा नियम माझा.

आज गाडीत एकटे शिंपीकाका होते. त्यांची मूत्रपिंडं गेली, म्हणून आठवड्यातून दोनदा रक्त धुऊन घ्यायला मशीनवर झोपतात, चार-चार तास. दुकान बंद करून वर्ष झालं, तरी शर्टाच्या कॉलरला टाचण्या अजून टोचलेल्या असतात. उतरताना म्हणाले, "ताई, मी जन्मभर सरळ शिलाई मारली. तुम्ही आज सगळी वाट काज-बटण केलीत."

बुधवार, ४

अंग आंबून गेलंय. हात वर करून केस विंचरता येईनात.

दादा माझ्यासमोर बसून औषधाच्या डबीतला कागद वाचत होता. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, चष्मा नाही. म्हटलं, मग डोळ्यांना काय धाड भरलीय? तर म्हणाला, जवळचं दिसतं, लांबचं दिसत नाही. आणि तासाभराने समोरच्या टेकडीवर कोणाची शेळी चरतेय ते मला सांगितलं.

माझी खात्री झालीय की त्याला कंटाळा आलाय. सव्वीस वर्षांनी कोणालाही येईल. सरळ सांगितलं असतं तरी मी किल्ली घेतली असती.

शुक्रवार, ६

दुसऱ्या पाण्यात दगडावरून घसरले, पण निभावलं. हॉस्पिटलच्या दारात दादा उतरला तेव्हा त्याच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी कुठल्या काठावर राहिली देव जाणे. पाऊण तास डांबरी रस्त्याने एका चपलेवर आला आणि साहेबांना पत्ता नाही. शिंपीकाका म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, दुसरा पाय मापाला दिलाय का कुठे?" दादासुद्धा हसला, पण जरा उशिरा.

त्याला साखरेचा आजार आहे म्हणून नर्सबाई त्याच्या मागे लागल्यात, "या की, पाय तपासून देते, दोन मिनिटांचं काम." हा प्रत्येक वेळी गाडीत हवा भरायचं निमित्त काढून पळतो. आजही पळाला. साठी आली तरी डॉक्टरला भिणारा माणूस.

सोमवार, ९

सकाळी फरशी पुसली. अर्ध्या तासात न्हाणीघरापासून पलंगापर्यंत रक्ताचे ठिपके. विचारलं तर दादा म्हणाला, मांजर आली असेल.

आमच्याकडे मांजर येत नाही. मग दादाने पाय पोटाशी घेऊन मोजे घातले. घरात, आणि या उकाड्यात. मी पुन्हा फरशी पुसली. या घरात पुसणारी एकच आणि चालणारे किती कोण जाणे.

मंगळवार, १०

आज चारही पाणी झकास झाली. तिसऱ्याला तर मला वाटलं, आता आपल्याला हे जमतंय. कोणी म्हटलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

दादा मात्र हल्ली पाण्यात फार वेळ घेतो. पूर्वी गप्पा मारत, आभाळाकडे बघत जायचा म्हणे. आता मान खाली घालून तळाकडे टक लावून बघत एकेक पाऊल टाकतो. पाणी काचेसारखं आहे, त्यात त्याला काय एवढं निरखायचं असतं? शिंपीकाका घड्याळ बघत होते. मशीनवरची वेळ चुकली की पुढचा माणूस चढतो.

शनिवार, १४

कालचं आज सकाळी लिहिते.

वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला असावा. नदी चढली नव्हती, पण सगळं पाणी दुधाच्या चहासारखं गढूळ. पहिली तिन्ही पाणी उथळ, ती पार पडली. चौथं रुंद आहे. दादा गेला, मध्ये थांबला, दोनदा पाय आपटला, परत आला. हात वर केला. का कोण जाणे, मी खिडकीतून ओरडून विचारलं, "डावीकडे पक्कं आहे ना?"

"खडी आहे, ये बिनधास्त."

मी गेले. अर्ध्यावर डावं चाक खाली बसलं. धक्का नाही, आवाज नाही, दमलेला माणूस पायरीवर टेकतो तसं बसलं. गाडी कलली, इंजिन बंद पडलं, दाराच्या फटीतून पाणी आत. शिंपीकाकांनी पाय सीटवर घेतले आणि म्हणाले, "ताई, मी आधीच पाण्याने भरलोय, वरून आणखी कशाला?" एवढं बोलले, पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

काकांना पाठुंगळी घेऊन पलीकडच्या काठावर बसवलं. मग तार झाडाला बांधून, हाताच्या चरख्याने गाडी ओढायचा उद्योग. दादा चरखा फिरवायला, तार गाडीला अडकवायला मी पाण्यात. चप्पल पहिल्याच पावलाला वाहून गेली. उजव्या चाकाखाली चांगले गोटे होते. तिथून डावीकडे एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि एकदम लोणी. पाय घोट्याच्या वर आत गेला. एवढा स्पष्ट फरक की आंधळ्यालाही कळावा. मला क्षणभर वाटलं, दादाला हे लागलं कसं नाही?

मग माझं मीच उत्तर दिलं. गाडीच्या वजनाने तळ हलला असणार. तो सव्वीस वर्षांचा, मी दहा दिवसांची. मी कोण शहाणी लागून गेले?

दोन तास गेले. काका पोचले तेव्हा त्यांच्या मशीनवर दुसरा माणूस झोपलेला. शेवटी दीड तास मिळाला, चारच्या जागी. परत येताना त्यांचा चेहरा सुजला होता आणि ते एकही विनोद करत नव्हते. दादा पूर्ण वाट खिडकीबाहेर बघत होता. वस्तीत शिरताना एवढंच म्हणाला, "तळ बदललाय तिचा."

रविवार, १५

गाड्यांच्या ऑफिसातल्या मॅडमना लेखी अहवाल हवाय. दादाला लिहिण्याचा आळस, म्हणून मी लिहिला. तीन खरडे केले. शेवटी वाक्य असं जमलं: "नदीचा तळ रातोरात बदललेला असून, पूर्वीच्या खुणा आता भरवशाच्या राहिलेल्या नाहीत. यात पाणी पाहणाऱ्याची कोणतीही चूक नाही."

दादाला दोनदा वाचून दाखवलं. म्हणाला, "छान लिहिलंयस." मग उठून बाहेर पायरीवर जाऊन बसला. चहा नेऊन ठेवला तो तसाच गार झाला. नदीचं त्याने फारच मनाला लावून घेतलंय. एवढ्या वर्षांची ओळख, आणि तिने असा दगा द्यावा.

सोमवार, १६

संध्याकाळी दादा पलंगावर पाय पसरून पेपर वाचत होता. मी केर काढत होते. त्याच्या उजव्या तळव्यावर काहीतरी चमकलं. वाकून बघितलं तर टाचणी. शिंपीकाकांची, गाडीत पडलेली असणार. डोक्यापर्यंत आत रुतलेली, भोवती लाल.

"दादा, हलू नकोस."

"का गं?"

मी चिमटीत धरून ती ओढून काढली. बोटभर लांब. माझ्या अंगावर काटा आला, डोळ्यांतून पाणी आलं. त्याने पेपरचं पान उलटलं. मग माझ्या हातातली टाचणी पाहिली आणि पेपर हळूच खाली ठेवला.

मी खालीच बसले. एकेक गोष्ट आपली आपणच येऊन माझ्यापुढे उभी राहिली. मांजर आली, चप्पल आली.

"हे कधीपासून?"

"तू केर काढ."

"दादा, मी काय विचारतेय?"

"झाली दोन वर्षं. आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही गेल्या."

"मग नदीत काय बघत होतास तू?"

"बघतच होतो. स्वच्छ पाण्यात तळ दिसतो. डोळे चांगले आहेत माझे."

डोळे चांगले आहेत! मला तर डोळेच साथ देत नाहीत म्हणून सांगितलं होतं. मग किल्ली का दिलीस, म्हणून विचारलं. तेव्हा सांगितलं त्याने. पहिल्या पाण्याच्या उतारावर ब्रेक दाबला आणि गाडी थांबेना. खाली बघितलं तर पाय क्लचवर. गाडीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणून निभावलं.

"आणि मग त्याच गाडीत मला आणि काकांना बसवलंस आणि गढूळ पाण्यात खडी आहे म्हणालास."

"हो."

मी ओरडले त्याच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. काका बुडाले असते, मी बुडाले असते, असं काय काय बोलले. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "ऑफिसात सांगू नकोस, ठमे. तुझी वहिनी गेल्यापासून मला आठवड्यातले दोनच दिवस कळतात. मंगळवार आणि शुक्रवार. ते पण गेले तर सकाळी उठून मी जाऊ कुठे?"

राग ओसरला नाही, पण त्याच्या पायाला हळद लावून दिली. तळवा दाबत होते आणि त्याला कळत नव्हतं, हे मला बघवेना.

मंगळवार, १७

आज चारही पाण्यांत मी उतरले. दादा गाडीत. माझे तळवे सोलून निघालेत आणि गुडघे वाजताहेत. पाणी बघायचं, परत यायचं, ओल्या पायांनी चढून गाडी काढायची. दोन माणसांचं काम करून माणूस अर्धं होतं.

चौथ्या पाण्याशी मी गढूळ पाण्यात पुन्हा चाचपून पाहिलं. गाळ तिथेच. दोन पावलांवर गोटे तिथेच. नदीने काही केलेलं नाही.

शिंपीकाका दुसऱ्या पाण्याला म्हणाले, "तळ बदलला म्हणून ऐकलं होतं. इथे तर माणूस बदललाय." दादाने मान वळवली नाही.

हॉस्पिटलच्या वहीत 'पाणी कोणी पाहिलं' असा रकाना आहे. चारही ठिकाणी दादाचं नाव लिहिलं. एक खोटं झाकायला दुसरं, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत किती सहज म्हणायचे.

गुरुवार, १९

मॅडमचं पत्र आलं.

"प्राप्त अहवालानुसार नदीचा तळ रातोरात बदललेला असून पूर्वीच्या खुणा भरवशाच्या राहिलेल्या नाहीत. सबब येत्या एक तारखेपासून सदर वाट रुग्णवाहतुकीस कायमची बंद करण्यात येत आहे. रुग्णांना लांबच्या रस्त्याने आणावे."

माझंच वाक्य. तीन खरडे करून घडवलेलं. एक शब्दही बदललेला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दादाने वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं. दोघांनी आपापली ताटं घासली आणि झोपायला गेलो.

शुक्रवार, २०

परतीच्या वाटेवर तिसऱ्या पाण्याशी गाडी थांबवून काकांना सांगितलं. दादा ऐकत होता.

काकांनी बोटांवर हिशेब केला. "जायला पाच तास. मशीनचे चार. यायला पाच. आठवड्यातून दोनदा. ताई, मापं घेणं हा माझा धंदा. एवढ्या कापडात हे बसत नाही."

"मग काय करणार तुम्ही?"

"एक-दोनदा जाईन. मग एखाद्या मंगळवारी सांगेन, आज बरं वाटत नाही. पुढे कोणी विचारायला येणार नाही."

अगदी साध्या आवाजात बोलले. मशीन चुकवलं तर काय होतं ते वस्तीतल्या लहान पोरांनाही माहीत आहे. मला हुंदका आला तो मी खोकल्यात ढकलला.

मग म्हणाले, "तळ बदलल्याचं ऑफिसला कळवलं कोणी?"

"मी."

"नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. पण अंगणच बंद करायला लावलंत म्हणजे कमाल झाली." आणि दादाच्या पाठीकडे बघत राहिले. त्यांना सगळं ठाऊक आहे. कधीपासून, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

रविवार, २२

दुपारी मी दादासमोर जाऊन बसले.

"उद्या मी ऑफिसात जाऊन खरं सांगणार आहे."

तो दाराच्या कडीकडे बघत होता.

"काकांचा जीव आहे, दादा."

"त्याने माझ्या लग्नातला कोट शिवला होता," दादा म्हणाला. एवढंच.

मला वाटलं होतं तो रागवेल, निदान गयावया करेल. यापेक्षा ते सोपं गेलं असतं. नोकरी गेली तेव्हा या माणसाने, किती दिवस राहणार, असं एकदाही विचारलं नाही. पुढची खोली मला दिली, स्वतः मागच्या खोलीत गेला. आणि मी त्याला चारचौघांत लुळा ठरवायला निघालेय. न सांगावं तर काका जातील. दोन्हीकडून मीच. मला फार थकल्यासारखं वाटतंय. नदीत उतरल्याने येतो तो हा थकवा नाही.

सोमवार, २३

सकाळी गाडी काढली तर दादा आधीच येऊन बसलेला. इस्त्रीचा शर्ट. पायांत बूट. मी त्याला बुटांत कधी पाहिलं नव्हतं. "मी येतोय," म्हणाला आणि काच वर केली.

ऑफिस म्हणजे हॉस्पिटलच्या मागची एक लांबट खोली, भिंतीला किल्ल्यांची फळी, खिडकीत सुकत घातलेली टायरची ट्यूब. मॅडमनी माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग अहवाल पुढे ओढला.

"हे तुमचंच अक्षर ना?"

"हो."

"त्या रविवारी भावाला वाचवायला नदीवर घातलंत. आता वाट वाचवायला भावावर घालताय. मी यातलं खरं कोणतं धरू?"

खोट्याच्या कपाळी गोटा तो असा बसतो. खरं घेऊन गेले, तर त्याला कोणी विचारेना. मी टेबलाच्या कडेला हात धरून उभी राहिले.

मागे बाकावरून दादा उठला. "मॅडम, नदी होती तिथेच आहे. पाय माझे गेलेत. तळ पाठ आहे, पण गढूळ पाण्यात मी कुठे उभा आहे तेच त्या दिवशी पायांना कळलं नाही, तरी मी हात वर केला. हिला काही माहीत नव्हतं." मग थांबून म्हणाला, "नर्सबाईंना बोलवा. इतके दिवस पळत होतो, आता नाही पळत."

नर्सबाई आल्या. पडद्यामागे पाच मिनिटं. बाहेर येऊन त्यांनी मॅडमकडे बघून नुसती मान हलवली.

मॅडम वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, नुसत्या बोलण्यावर वाट उघडी ठेवता येणार नाही, उद्या त्या स्वतः चौथ्या पाण्यावर येतील. तळाचा जुना नकाशा आहे त्यांच्याकडे, बारा वर्षांपूर्वी दादानेच सांगून काढून घेतलेला. तळ त्याच्याशी जुळला तर पत्र मागे घेतील. दादाचं नाव वहीतून आजच कमी. हॉस्पिटलचे माळी शुक्रवारपासून पाण्यातला माणूस. मला लेखी ताकीद, आणि पुन्हा असं झालं तर मीही घरी.

येताना मी चारदा उतरले, चारदा चढले.

मंगळवार, २४

पाणी अजून गढूळच. सकाळी आठलाच मॅडम पलीकडच्या काठावर हजर होत्या, हातात नकाशा आणि पेन. शिंपीकाका गाडीत, सारखे घड्याळ बघत. दादा अलीकडच्या काठावर एका दगडावर बसला, बुटांसकट. मी चपला काढून पाण्यात.

मॅडम ओरडून म्हणाल्या, "तळ कुठे कसा आहे, ते भावाला न बघता सांगू दे. तुम्ही पायाने खात्री करा. मी ताडून बघते."

दादाने आधी नदीकडे बघितलं, मग डोळे मिटून घेतले.

"सरळ चार पावलं. काय लागतंय?"

"गोटे."

"नारळाएवढे का लिंबाएवढे?"

"लिंबाएवढे."

"आता उजवीकडे ये. एक सपाट दगड लागेल, जरा कललेला."

लागला. अगदी तसाच, कललेला. मॅडमनी नकाशावर खूण केली.

"तिथून डावीकडे दोन पावलं. तिसरं टाकू नकोस. जप, तिथे गाळ आहे."

मी पायाचा अंगठा पुढे करून पाहिला. गाळ होता. त्याच जागी, जिथे आम्ही रुतलो होतो. मॅडमनी पुन्हा खूण केली.

असे आम्ही बावीस ठिकाणी गेलो. एकदाही चुकला नाही तो. प्रत्येक बरोबर उत्तराने नदी निर्दोष सुटत होती आणि दादा अडकत होता, आणि हे त्याला माझ्याआधी कळत होतं. तरी त्याचा आवाज कुठे कापला नाही. उलट मधेच जरा खुलल्यासारखा वाटला, एखाद्या ओळखीच्या घरातल्या खोल्या दाखवत असावा तसा. माझंच रडू आवरेना. मी तोंड धुतल्यासारखं करून पाणी मारून घेतलं.

शेवटच्या खुणेला मॅडम म्हणाल्या, "झालं. सगळं जुळतंय. वाट चालू राहील." गाडीतून शिंपीकाकांनी हॉर्न दाबला, एकदाच, लांब.

"अजून काही विचारायचंय का?" मॅडमनी दादाला विचारलं.

दादाने डोळे उघडले. मी गुडघाभर पाण्यात त्याच्यासमोर उभी होते, तळवे ठणकत होते, पोटऱ्यांपर्यंत कळा येत होत्या.

"ठमे," तो म्हणाला, "पाणी गार आहे का गं?"

"हो दादा. खूप गार आहे."

पलीकडे मॅडमनी तेही लिहून घेतलं.